एसीच्या भोकात खारीनं घरटं केलंय? आधी एमसीबी पाडा, मग हे वाचा

मी कोल्हापुरात एसी आणि वायरिंगची कामं करतो. फेब्रुवारी लागला की सर्व्हिसिंगचे फोन सुरू होतात आणि त्यातल्या काही घरांत एसी बिघडलेलाच नसतो. "दादा, बाहेरच्या युनिटमधून कापूस लोंबतोय." "बाथरूमच्या एक्झॉस्टमध्ये काहीतरी चिरचिरतंय." "देवघरातल्या वाती कोण पळवतंय?" तिन्हींचं उत्तर एकच निघतं, खार. ताराबाई पार्क, नागाळा पार्क या बाजूला जुनी झाडं अजून उभी आहेत आणि त्यांना खेटून नव्या इमारती उठल्यात. आंब्याची ढोली आणि कोअर कटिंगचं, म्हणजे एसीच्या पाइपासाठी भिंतीत पाडलेलं, भोक यांत खारीला काही फरक वाटत नाही. उलट भोक कोरडं असतं आणि तिथवर मांजर पोहोचत नाही.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, "काढून फेका ते" म्हणणारे. दुसरे, "राहू दे बिचारी" म्हणून एसी तसाच चालू ठेवणारे. माझ्या पाहण्यात दुसऱ्यांच्या घरी जास्त पिल्लं मेली आहेत.

पहिलं काम विजेचं

एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्याची वीज तोडणारा खटका, पाडा. रिमोटनं बंद करून भागत नाही. बऱ्याच इन्व्हर्टर एसींत बाहेरच्या युनिटपर्यंत वीज पोहोचलेलीच असते, आणि संध्याकाळी घरातलं कुणीतरी सवयीनं बटण दाबतंच. पंखा फिरला की खार उडी मारून सुटेल, डोळे न उघडलेली पिल्लं कुठं जाणार? एमसीबीवर चिकटपट्टी लावून त्यावर "चालू करू नये" असं लिहा. हे हसण्यावारी नेऊ नका, सासूबाई आणि शाळेतून आलेली पोरं यांना तुमचा निर्णय ठाऊक नसतो.

खार वायर कुरतडते ती खायला नाही. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला काहीतरी लागतंच. तांब्याच्या पाइपावरचा काळा फोम मात्र ती मुद्दाम सोलून नेते, आतल्या गादीसाठी. म्हणून पाइपावरचं कव्हर एका बाजूनं ओरबाडलेलं दिसलं आणि खाली चुरा नसला, तर समजा माल कुठंतरी गेलाय. जवळपास घरटं शोधा.

मीटरच्या पेटीत किंवा मेन स्विचच्या मागं घरटं असेल तर स्वतः झाकण उघडायचं नाही. काडीही घालायची नाही. वायरमनला बोलवा. बाहेरून मीटरपर्यंत येणारी लाइन असेल तर वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. बाकी सगळं नंतर.

घरटं खारीचंच आहे ना?

इमारतीच्या फटीत असेल तर फार विचार करावा लागत नाही. चिमणी आणि साळुंकी याच जागा धरतात, पण त्यांच्या घरट्याखाली पांढरी शीट पडते. खारीच्या घरट्याखाली बारीक काळसर लेंड्या आणि शेंगांची टरफलं सापडतात. उंदराच्या लेंड्याही तशाच दिसतात, त्यामुळं त्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. माल बघा. खार काथ्या, सुंभ, कापूस, गोणपाटाचे धागे, पोछाच्या दोऱ्या, सुकं गवत असं सगळं एकत्र गुंडाळून ओबडधोबड गोळा करते. गोळ्याला बाजूनं एक तोंड, बाहेरून भरड माल, आत मऊ. सगळ्यात आत असतो तो कापूस. तुमच्या वाती तिथं आहेत.

झाडावर फसगत जास्त होते. कावळ्याचं घरटं वरून उघडं, काटक्यांचं, त्यात तारेचे तुकडे. मुनियाचं मात्र खारीसारखंच गोल आणि बाजूनं तोंडाचं असतं, पण ते जवळजवळ सगळं लांब गवताचं असतं, एकरंगी. खारीच्या घरट्यात चिंध्या, दोरे, साली असं सतरा ठिकाणचं सामान दिसतं. नारळाच्या झावळ्यांच्या बुंध्यात उंदीरही राहतात, तिथं दिवसा कोण ये-जा करतं ते बघायचं. खार दिवसा फिरते, उंदीर रात्री. एवढ्यावर निकाल लागतो.

राधानगरीच्या जंगलात फिरणाऱ्यांना उंच फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचे मोठाले गोळे दिसतात, ते शेकरूचे. शेकरूही खारीच्याच कुळातला, आपला राज्यप्राणी. एकेक शेकरू एकाच भागात अनेक घरटी राखून असतो. झोपायला एक, पिल्लांना दुसरं, अडीनडीला तिसरं. लहान खारही हा कावा जाणते. पुढं हे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

आपल्याकडं खारीच्या दोन जाती दिसतात, तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची. पाच पट्ट्यांच्या खारीला पाठीवरच्या तीन फिक्या पट्ट्यांखेरीज दोन्ही कुशींवर एकेक पुसट पट्टी असते. रामानं किती बोटं फिरवली याचा वाद घरात घाला. घरट्याच्या कामात त्यानं काही बदलत नाही.

घरटं चालू आहे की सोडलेलं?

घाईत असलेला माणूस इथंच चुकतो. आत हात घालून बघतो. खार चावली तर जखम खोल जाते, आणि ती नसेल तर तुम्ही पिल्लांवरची ऊब उपसून काढता. (चावलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.)

त्यापेक्षा घरट्याच्या तोंडात सुक्या गवताच्या दोन-चार काड्या सैल खोचा. दाबून नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघा. काड्या बाजूला सरकल्या असतील किंवा आत ओढल्या असतील, तर वस्ती आहे. हवा कोरडी असताना दोन-तीन दिवस काडी हलली नाही, तर घरटं रिकामं समजायला हरकत नाही. पावसात ही परीक्षा घेऊ नका, खार उशिरा बाहेर पडते आणि अंदाज फसतो.

किंवा मोबाइल लावा. खिडकीच्या आतल्या बाजूनं, पडद्याआडून, सकाळी ऊन यायच्या सुमाराला तासभर रेकॉर्डिंग. खार आत जाताना तोंडात काय आहे ते बघायचं. काथ्याचा बोंडका पुढच्या पायांनी घडी करून तोंडात कोंबलेला असेल तर बांधकाम चालू आहे, पिल्लं अजून नाहीत. अशा वेळी तुमचं नशीब. माल काढून घ्या, भोक बुजवा, ती दुसरी जागा बघेल. पण रिकाम्या तोंडानं आत गेली, बराच वेळ थांबली आणि बाहेर येऊन खाण्याच्या मागं लागली, असं दिवसातून परत परत होत असेल तर आत बाळंतीण आहे. नराची वाट बघू नका. तो पाठलागापुरता येतो. घरटं, पिल्लं, राखण, सगळं एकट्या मादीच्या अंगावर.

किती थांबायचं?

गर्भ महिना-सव्वा महिन्याचा. पिल्लं बहुधा दोन किंवा तीन. जन्मतात तेव्हा गुलाबी, उघडीवाघडी, डोळे मिटलेले, शेपटी सुतळीच्या तुकड्यासारखी. पहिला पंधरवडा संपता संपता पाठीवर पट्ट्यांच्या रेषा उमटतात, नंतर लव येते. डोळे उघडायला तीनेक आठवडे लागतात. महिन्याभरानं तोंडाशी येऊन बाहेर डोकावतात, मग काठावर उड्या मारायला लागतात. दूध पूर्ण सुटायला साधारण दोन ते अडीच महिने.

म्हणजे तुम्हाला थांबायचं आहे ते पिल्लांच्या वयावर. डोकावणारी पिल्लं दिसली तर बहुतेक काम झालंय, तीन-चार आठवड्यांत ती निघून जातील. नुसता चिरचिर आवाज येतोय आणि काही दिसत नाही, तर दोन महिने धरा. एप्रिलमध्ये हे सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यांचंही खरं असतं, घरात आजोबा असतात, तान्हं मूल असतं. म्हणून पुढचा भाग.

थांबता येतच नसेल तर

शेकरूची अनेक घरटी आठवा. खारीलाही एका जागेचा हट्ट नसतो. पिल्लांना धोका वाटला की ती एकेक पिल्लू तोंडात धरून, गोळा करून, दुसरीकडं हलवते. तिला घालवायचं नाही, तिनं आपणहून जावं असं करायचं.

सकाळी लवकर सुरुवात करा. घरट्याच्या जवळ, पण त्याला हात न लावता, खिडकीत रेडिओ लावून ठेवा, बोलण्याचा कार्यक्रम असलेला, मध्यम आवाजात. खोलीतला दिवा घरट्याच्या बाजूला वळवा. खिडकी वरचेवर उघडझाप करा. बऱ्याच खारी दिवस-दोन दिवसांत बिऱ्हाड हलवतात. फटाके, धूर, फिनेल, डांबराच्या गोळ्या यांतलं काही नको. धुरानं आई पळते आणि पिल्लं आत गुदमरतात.

ती हललीच नाही तर घरटं सगळंच्या सगळं, गोळा न फोडता, बुटांच्या खोक्यात ठेवायचं. खोक्याला बाजूनं दोन-तीन बोटं जातील एवढं तोंड पाडा, तळाला दोन बारीक भोकं पाणी निघायला. खोकं मूळ जागेपासून हातभर अंतरावर, तारेनं घट्ट बांधा. सावलीत, मांजराला उडी न पुरेल असं. मग खिडकी बंद करून आत जा. बघत उभं राहायचं नाही. फोटो काढायला गॅलरीत सगळं घर जमलं तर ती समोरच्या झाडावरून शेपटी उडवत चिर्रर्र करत बसेल आणि खोक्याकडं फिरकणार नाही. हे काम दुपारच्या आत उरकलं पाहिजे. अंधार पडला की खार बाहेर पडत नाही आणि पिल्लं रात्रभर गारठतात. पाऊस असेल तर दिवस बदला.

या फेरीचे मी पैसे घेतो. शिडी, मदतनीस, अर्धा दिवस. फुकट करतो म्हणणाऱ्या वायरमनपासून जरा जपून, तो काम पाच मिनिटांत संपवेल.

पिल्लू खाली पडलं तर

मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झाली की हे रोजचं होतं. क्रमानं करा, क्रम मोडू नका.

आधी पिल्लाला मुंग्या लागल्यात का, जखम आहे का ते बघा. मुंग्या असतील तर ओल्या कापडानं किंवा मऊ ब्रशनं हलकेच काढा. मांजराच्या तोंडातून सोडवलेलं असेल तर जखम दिसो न दिसो, सरळ प्राण्यांच्या डॉक्टरकडं. मांजराच्या दातातले जंतू अंगात जातात, पिल्लू वरून ठणठणीत दिसतं आणि नंतर दगावतं.

जखम नसेल तर ऊब. सुती कापडात गुंडाळा, बाटलीत कोमट पाणी भरून तिच्यावर फडकं गुंडाळा आणि पिल्लू तिच्या शेजारी ठेवा, अंगाला बाटली टेकू देऊ नका. हाताला गार लागणाऱ्या पिल्लाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. अंग गार असताना पोटातलं पचत नाही. गाईचं दूध, म्हशीचं दूध, साखरपाणी, काहीच नको. ड्रॉपरनं पाजायचा उत्साह तर अजिबात नको. दूध श्वासनलिकेत गेलं की पिल्लू संपलं. भूक लागलेली असली तरी पहिल्या काही तासांत आईच त्याचं उत्तर आहे.

पिल्लू ऊबदार झालं की कापडासकट वरून उघड्या टोपलीत ठेवून ज्या झाडाखाली सापडलं त्याच्याच फांदीला, डोक्याच्या वर, बांधा. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. ही समजूत कुठून आली कुणास ठाऊक, पण ती मोडून काढा, त्यापायी लोक पिल्लं घरी नेतात. तुम्ही लांब जा. पिल्लाचं चिरचिर तिच्यापर्यंत पोहोचतं. दिवसाउजेडी चार-पाच तास तरी संधी द्या, मधूनमधून बाटलीतलं पाणी बदला. वरती कावळे घिरट्या घालत असतील किंवा भारद्वाज झुडपात दिसला तर टोपली अर्धी झाका, आईला शिरता येईल एवढं उघडं ठेवून.

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर पिल्लू आत घ्या, ऊब चालू ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेला फोन करा. खार वन्यजीव आहे. गोजिरवाणी दिसते म्हणून पिंजऱ्यात ठेवायची नसते, आणि शेंगदाण्यावर वाढवलेली खार पुढं झाडावर टिकत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना एक सांगणं. फांदी तोडायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तो अर्ज करायचाच आहे, तर आदल्या दिवशी दुर्बिणीनं किंवा मोबाइलच्या झूमनं फांद्यांच्या बेचक्या बघून घ्या. गोळा दिसला तर ती फांदी शेवटी ठेवा, किंवा पुढच्या महिन्यात.

पिल्लं गेल्यावर

काडीची परीक्षा परत एकदा घ्या. रिकामं ठरलं तरच पुढं. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. जुन्या घरट्यात पिसवा आणि गोचिडासारखे बारीक जीव असतात. गोळ्यावर साबणाचं पाणी शिंपडून तो ओला करा, पिशवीत भरा, तोंड बांधा. मग ब्लोअर मारून युनिट साफ करायचं, उलट क्रमानं केलंत तर सगळी धूळ नाकात.

भोक बुजवताना पाइप आणि भिंत यांच्यामधली फट पुट्टीनं भरा, पण नुसती पुट्टी खार आठवड्याभरात कोरते. पुट्टीत अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) जाळीचा तुकडा दाबून बसवायचा. प्लास्टिकची जाळी बसवून पैसे वाया घालवू नका. एक्झॉस्टला बाहेरून तशीच जाळी, स्क्रूनं, म्हणजे साफ करायला काढता येते. खिडकीतल्या एसीच्या दोन्ही बाजूंचे पडदे फाटले असतील तर प्लायचे तुकडे लावा. दुकानाच्या शटरवरच्या पेटीला टोकाशी उघडी जागा राहते, ती कुणी बघत नाही. शटर वर जाताना घरटं रोलमध्ये ओढलं जातं. तिथं पत्र्याची टोपी ठोकून घ्या.

आणि तिला दुसरी जागा द्यायची असेल तर छोटं मडकं आडवं बांधा. तोंड मोठं असेल तर नारळाच्या करवंटीचा तुकडा तारेनं आवळून तोंड दीड-दोन इंचांवर आणा, तळाला एक भोक पाडा. आंबा, फणस, चिंच असं दाट झाड निवडा, खोडापासून थोडं बाजूला, तोंड पावसाच्या दिशेला नको. आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून तोंड पूर्वेला. आत काही भरू नका, सजवायचं काम तिचं.

सामान मात्र बाहेर ठेवलं तर चालेल. काथ्या मोकळा करून, सुती चिंध्या बोटभर लांबीच्या, गॅलरीच्या कठड्याला अडकवा. नायलॉनचा दोरा, मांजा, केसांचा गुंता, उशीतला चकचकीत फायबर यांतलं काही तिच्या हाती लागू देऊ नका. तसला धागा पिल्लांच्या पायाला वेढा घालतो आणि पाय वाढेल तसा आत रुतत जातो. गॅलरीतलं नायलॉनचं पायपुसणं उसवायला लागलं असेल तर ते आजच आत घ्या.